अकोल्याचं जुनं कर्नल

जगातली जी जी वस्तू बंद पडायला टेकली आहे, ती आमच्या थोरल्या साडूंच्या हयातीत तरी बंद पडणार नाही, याबद्दल माझ्या मनात अनेक वर्षं तिळमात्र शंका नव्हती. नव्या वस्तूकडे ते नव्या जावयाकडे बघावं तसे बघतात. वाईट नाही, पण चार वर्षं जाऊ द्या, मग बोलू. जुनी वस्तू मात्र एकदा त्यांच्या आश्रयाला आली की तिला मरायचीसुद्धा परवानगी नसते. त्यांच्या बैठकीतला पंखा माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. त्याला फिरायला लागण्यापूर्वी काठीनं एक धक्का द्यावा लागतो, आणि ती काठी कोपऱ्यात कायम उभी असते. मी एकदा म्हटलं, "दादा, नवीन घेऊन टाका ना एखादा." तर म्हणाले, "काहून? फिरते ना तो? सुरू व्हायलेच तेवढा कुरकुरते. मी बी सकाळी उठतानी कुरकुरतो. मले बदलवता का?" त्यावर स्वयंपाकघरातून माझ्या मोठ्या मेहुणीचा आवाज आला, "ते मले विचारा ना, त्यायले काय विचारता?" साडूंनी ते ऐकलं नाही. पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही, हा त्या पंख्याचा आणखी एक गुण त्यांनी मला पूर्वीच सांगितलेला होता.

आमचं नातं दुहेरी आहे आणि दोन्ही बाजूंनी अवघड आहे. घरी ते थोरले. दिवाळीला मी त्यांच्या पाया पडतो आणि रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर ते सांगतील तितक्या वेळा वांग्याची भाजी वाढून घेतो. अमरावतीत आमची नऊ माणसांची सॉफ्टवेअरची कंपनी आहे. तिचा प्रमुख मी, आणि ग्राहकांची गाऱ्हाणी सांभाळायचं काम साडूंचं. त्यामुळे रविवारी "खाऊन पाहा म्हणतो ना!" असा दम देणारा माणूस सोमवारी सकाळी दारात उभा राहून "साहेब, येऊ का आत?" असं विचारतो. हा बदल त्यांच्या घरापासून ऑफिसपर्यंतच्या कोणत्या चौकात होतो, हे मला अजून कळलेलं नाही. ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मीही म्हणतो, कारण ऑफिसात दादा म्हटलं की ते डोळे वटारतात.

आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. डाळ मिलमध्ये डाळ निवडायचं एक मशीन असतं. वरून डाळ घरंगळत येते, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो, आणि खडा किंवा काळा दाणा दिसला की हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवतो. पूर्वी जे काम सुपं घेऊन बसलेल्या बाया करायच्या, ते आता हे मशीन करतं. कोणता दाणा ठेवायचा आणि कोणता उडवायचा, हे ठरवणारा प्रोग्राम आमचा. मशीनशेजारी एक कॉम्प्युटर असतो, त्यावर तो चालतो. आणि त्या कॉम्प्युटरच्या पोटात, सगळ्यात खाली, कर्नल नावाचा भाग असतो. तो म्हणजे काय, हे मी ग्राहकांना समजावून सांगायला लागलो की त्यांना जांभया यायच्या. साडू मात्र एका वाक्यात सांगत. "कर्नल म्हंजे घरातली मोठी सून. सासूचं सांगनं गड्यायले सांगते, गड्यायचं गाऱ्हानं सासूले सांगते. तिले कोनी विचारत नाही, पन ती दोन दिवस माहेरी गेली का चूल पेटत नाही." डाळ मिलवाले मान डोलवत. त्यांच्या घरात अशी सून असायचीच.

अडचण अशी की या सुना दर वर्षी नव्या येतात. नवं कर्नल निघतं, मग आणखी नवं निघतं, आणि जुन्याशी बोलायची भाषा हळूहळू वेगळी पडत जाते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोघींशी बोलावं लागतं, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागते. मग कधीतरी ठरवावं लागतं की अमुक वर्षापलीकडचं कर्नल आम्ही सांभाळणार नाही. किती जुनं म्हणजे फार जुनं, हे ठरवायला आमच्याकडे दर वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात एक बैठक होते. तिळगूळ वाटून झाल्याबरोबर आम्ही भांडायला बसतो. या बैठकीत साडूंचा नियम ठरलेला. "एक बी मशीन जुन्या कर्नलवर चालून राहिलं असन तं सपोर्ट चालू ठेवाचा. कोनीच वापरत नसन तं एक दिवस बी ठेवाचा नाही. याच्यात चर्चा करन्यासारखं काय हाय?" असं म्हणून ते पुढचे दोन तास चर्चा करत.

चालू मशीन कोणतं आणि बंद कोणतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसे. आमच्या प्रोग्रामची प्रत्येक मिलमधली प्रत सकाळी मशीन सुरू झालं की आमच्याकडे एक ओळ पाठवते: मी अमुक गावचं मशीन, माझं कर्नल अमुक, मी सुरू झालो. या ओळींची यादी सकाळी साडूंच्या टेबलावर छापून लागते. ते ती पेन्सिल घेऊन वाचतात. नव्या कर्नलवाल्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यातल्या त्यात जुन्यांपुढे एकेक टिंब देत जातात, आणि एखादं टिंब सलग दोन दिवस चुकलं की लगेच फोन. "नमस्कार. काय म्हंते तब्येत?" ते विचारतात मशीनची, पण धामणगावचे एक मिलमालक दर वेळी आपल्या गुडघ्यांबद्दल सांगायला लागतात. साडू तेही सगळं ऐकून घेतात. मला वाटतं आता त्यांच्याकडे त्या गुडघ्यांचीही नोंद असेल.

दिलेल्या शब्दाच्या बाबतीत तर त्यांचा हिशेबच निराळा. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न एकदा धामणगावलाच ठरलं होतं. सोयरीक जुळत असताना साडूंनी उत्साहाच्या भरात मुलाच्या बियाण्यांच्या दुकानात कॉम्प्युटर बसवून दिला आणि सांगितलं, पाच वर्षं बघायचं नाही, मी आहे. पुढे काही कारणानं सोयरीक मोडली. दोन्ही घरं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. साडू मात्र दर तीन महिन्यांनी पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर टाकून धामणगावला जात राहिले. बहिणीनं घर डोक्यावर घेतलं, तर म्हणाले, "सोयरीक तुही मोडली. मी पाच वर्साचं बोललो होतो, दोनच झाले." त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं, त्या लग्नाला साडू गेले नाहीत, कारण बोलावणं नव्हतं. पण लग्नाच्या गडबडीत प्रिंटर बिघडला, तेव्हा गेले. पाचवं वर्ष संपलं त्या दिवशी त्यांनी तिथे जाऊन हात जोडले आणि परत आले. नंतर एकदाही त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

मुळात कामाशिवाय कोणाच्या घरी जाणं त्यांना जमतच नाही. नुसतं बसायला, गप्पा मारायला, चहा घ्यायला म्हणून हा माणूस कधी कोणाकडे गेला नाही. बारशाला गेले तर पाळण्याच्या करकरणाऱ्या कडीला तेल घालून येतात. माझ्या लग्नात मांडवातला साउंड सुरू होत नव्हता म्हणून ते अक्षता टाकायच्या वेळी टेबलाखाली होते, आणि आमच्या लग्नाच्या फोटोत त्यांचे फक्त पाय आले आहेत. आणि ज्या कामाला गेले तेवढंच बघायचं. त्या घरात दुसरं काय चाललंय याच्याकडे नजर म्हणून वळवायची नाही. एकदा एका मिलमध्ये ते कीबोर्ड बदलत असताना शेजारच्या खोलीत मालकाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, पोहे झाले, पसंती झाली, पेढे वाटले. साडूंच्या हातात पेढा ठेवला तेव्हा ते म्हणाले, "कीबोर्ड लागला म्हनून पेढा कायले?"

गावातल्या बंद झालेल्या गोष्टींनाही त्यांचा सपोर्ट चालूच असतो. अमरावतीत ऑटोवाल्याला पत्ता सांगतील तो पाडून टाकलेल्या टॉकीजपासून डावीकडे, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यासमोर, असा. जुने ऑटोवाले बरोबर नेतात. नव्या पोरांना काही कळत नाही, ते फोन दाखवून म्हणतात, काका, यात टाका. साडू त्यांना उतरून सगळा इतिहास सांगतात, टॉकीजमध्ये कोणता दरवाजा कुठे होता इथपर्यंत. एका ऑटोवाल्यानं शेवटी हात जोडून म्हटलं, "काका, तुमी पायी जा ना बाप्पा, लवकर पोचान."

चारेक वर्षांपूर्वी संक्रांतीच्या बैठकीत एक कर्नल खरंच बंद करायचं ठरलं, साडूंच्या नियमानुसारच, कारण त्यावरचं शेवटचं मशीन भंगारात गेलं होतं. बरोबर तेराव्या दिवशी साडू मोठे डबे घेऊन ऑफिसात आले. बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात. आम्हाला वाटलं, नातू झाला. तर म्हणाले, "तेरवी हाय. अकरा वर्सं चाललं ते कर्नल, कोनाचं एक वाईट केलं नाही. जेवा." आम्ही जेवलो. काय करणार? बुंदी उत्तम होती. पण एकही जण हसत नव्हता, आणि ते का, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

त्यानंतर उरलं ते अकोल्याचं कर्नल. अकोल्याला एका चाचांची डाळ मिल आहे, वडिलांपासूनची. आमचा प्रोग्राम असलेलं दुसरं की तिसरं मशीन तिथे बसलं, ते साडूंनीच बसवलं. त्या मशीनचा कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक कार्ड होतं, आणि ते कार्ड बनवणारा कारखाना केव्हाच बंद झाला. कार्डाला फक्त जुनं कर्नलच समजायचं. कर्नल बदललं की कार्ड मुकं, कार्ड मुकं की कॅमेरा आंधळा. त्यामुळे एवढ्या एका मशीनसाठी आमचा सगळा प्रोग्राम जुनी भाषाही बोलत होता. जुनाच प्रोग्राम तिथे तसाच राहू द्या म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं. प्रत्येक खेपेच्या डाळीच्या दर्जाचा दाखला आमच्या सर्व्हरवरून परस्पर व्यापाऱ्यांना जायचा, तो आमच्यापैकी कोणी बघत नसे, आणि आमच्या नव्या सर्व्हरनं जुन्या प्रोग्रामला ओळखलंच नसतं. म्हणजे सांभाळायचं तर सगळं सांभाळायचं, नाहीतर चाचांची मिल सोडून द्यायची.

साडू दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जात आणि संध्याकाळी परत येत. बुधवारी त्यांचा चेहरा खुललेला असे. "दोन वर्सं झाले साहेब, त्या मशीनची एक चूक नाही. काल पोतंभर डाळ माह्यासमोर काढली. एक खडा म्हनून निघाला नाही! नव्या कर्नलवाले दहा दाने चुकवतात." हे ते मला सांगत, पण ऐकवत पल्लवीला.

पल्लवी अंजनगाव सुर्जीची. आमच्याकडची सगळ्यात हुशार प्रोग्रामर, आणि बोलायला अशी रोखठोक की पुण्याच्या एका ग्राहकानं मला फोन करून विचारलं होतं, त्या बाई रागावल्यात का. ती रागावलेली नव्हती, फक्त "नाही होनार" एवढंच म्हणाली होती. जुनी भाषा सांभाळायचं काम तिच्या वाट्याला आलेलं. तीन संक्रांती ती साडूंशी भांडली. "भाऊ, तुमच्या एका मशीनपायी मी शंभर ठिकानी 'जुनं असन तं असं, नवं असन तं तसं' लिवून राहिली. माह्यं अर्धं डोकं अकोल्यात हाय. किती वर्सं?" साडू म्हणत, "ते चालू हाय तोवर." "अन् ते कदी बंदच नाही पडलं तं?" "तं मंग चांगलंच हाय ना, बाई." मी मतदान घ्यायचो. आठ विरुद्ध एक. आणि मग प्रमुख या नात्यानं, आणखी एक वर्ष राहू द्या, असं म्हणायचो. साडू म्हणून म्हणायचो की साहेब म्हणून, ते मला विचारू नका.

यंदाच्या संक्रांतीला मात्र पल्लवीनं पवित्रा बदलला. म्हणाली, "त्या कार्डासाठी मीच नवा ड्रायव्हर लिवते, कार्डाचं नव्या कर्नलले समजावनारा दुभाष्या. महिना लागन, दोन लागन. कार्ड नव्या कर्नलवर बोलाले लागलं तं चाचाचं मशीन बी वाचते अन् माह्यं डोकं बी. पन मले एक दिवस ते कार्ड पाहू द्या." साडू तिच्याकडे बघतच राहिले. तीन वर्षं जिला ते शत्रू समजत होते, ती अकोल्याचं मशीन वाचवायला निघाली होती. त्यांनी तिळगुळाची सगळी वाटी तिच्यापुढे ठेवली. दुसऱ्याच दिवशी जायचं ठरलं, तो गुरुवार होता, त्यांचा नेहमीचा मंगळवार नव्हे. मी म्हटलं, चाचांना फोन करून कळवा. तर म्हणाले, "त्यायले काय कळवाचं? घरच हाय ते."

आम्ही तिघं गेलो. मिल जोरात चालू होती, दारापासून डाळीच्या भुकटीचा वास येत होता. मशीन ठेवलेल्या खोलीत साडू पुढे, पल्लवी मागे, तिच्यामागे मी. कॉम्प्युटर सुरू होता. पडद्यावर आमचा प्रोग्राम शांतपणे वाट बघत होता. पण मशीनवर तरटं पांघरलेली होती. डाळ ओतायच्या तोंडावर दोन जेवणाचे डबे, एक हेल्मेट आणि वाळत टाकलेला टॉवेल. मागचं दार, जे साडूंनी इतक्या वर्षांत कधी उघडं बघितलं नव्हतं, ते उघडं होतं, आणि पलीकडच्या शेडमध्ये एक नवं कोरं, दुप्पट मोठं मशीन धडधडत होतं. आमचं नव्हे. दुसऱ्या कंपनीचं, तिच्याच प्रोग्रामसकट.

पल्लवीनं टॉवेल उचलला, मशीनच्या तोंडात हात घातला आणि हात बाहेर काढून बघितला. हाताला धूळ होती. "भाऊ," ती म्हणाली, आणि तो हात तिनं त्यांच्यापुढे धरला.

तेवढ्यात चाचा आले. पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल. साडूंना बघून त्यांचा चेहरा आधी उजळला आणि लगेच त्यांची नजर टॉवेलावर गेली. मागून त्यांचा मुलगा आरिफ आला आणि दारातच थबकला. साडूंनीच विचारलं, "कदीपासून?"

"दोन साल होऊन गेले भाऊ," चाचा म्हणाले. "गुस्सा नोका होऊ. पयल्याच दिवशी सांगाचं होतं मले. जबान पे आलं होतं. पन तुमी त्या मंगळवारी आले अन् बसल्याबरोबर सांगतलं, चाचा, संक्रांतीच्या मीटिंगमदी तुमच्यासाठी भांडून आलो, एक साल वाढवून घेतलं. आता सांगा, मंग मी कोन्या तोंडानं सांगू का आमी दुसरी मशीन घेतली?"

"अन् दुसऱ्या साली?"

"दुसऱ्या साली बी तुमी भांडूनच आले ना भाऊ!"

साडूंनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "हा रोज सकाळी सुरू व्हते. मी यादीत पाहातो."

आरिफ खाली मान घालून म्हणाला, "मी करतो काका. मिल उघडली का पयले तोच सुरू करतो. दोन दिवस नाही केला तं तुमचा फोन येते, अन् अब्बाले झूट बोलता येत नाही."

"अन् मंगळवारी डाळ काढत होते ते? एक खडा निघत नव्हता त्याच्यातून."

आरिफनं वडिलांकडे बघितलं. चाचांनी रुमालानं तोंड पुसलं. "ते आदीच साफ केलेली राहे," आरिफ म्हणाला. "नव्या मशीनमदून काढलेली."

एरवी कोणी मला ही गोष्ट सांगितली असती तर मी हसून हसून लोळलो असतो. दोन वर्षं एक मिल स्वच्छ केलेली डाळ पुन्हा स्वच्छ करत होती, करार दर वर्षी वाढवत होती, आणि एक कंपनी त्या नाटकासाठी आपला सगळा प्रोग्राम दोन भाषांत लिहीत होती. त्या खोलीत मात्र मला हसू आलं नाही. साडू खुर्चीवर बसले. त्यांनी माउस हातात घेतला, आमचा प्रोग्राम नीट बंद केला, मग कॉम्प्युटर बंद केला, पडदा काळा होईपर्यंत थांबले आणि उठले. "बाई," ते पल्लवीला म्हणाले, "कार्ड पाहाचं काम नाही राहिलं आता." मग चाचांना म्हणाले, "नवी मशीन दाखवा." मागच्या शेडमध्ये ते मशीनभोवती हात मागे बांधून एक पूर्ण फेरी मारून आले. "चांगली हाय. दाना बरोबर उडवते," एवढंच बोलले. चहा आला, तो प्याले. निघताना चाचांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. साडूही सोडवत नव्हते.

परतीच्या गाडीत ते खिडकीपाशी बसले. मूर्तिजापूर गेलं तेव्हा म्हणाले, "पल्लवी, काढून टाक ते."

आणि तीन वर्षं ज्यासाठी ती भांडली, ते हातात आल्यावर ती पोरगी म्हणाली, "राहू द्या ना भाऊ. इतकं काई जड नाही होत मले. दिवाळीपर्यंत राहू द्या."

"वापरत कोनी नाही तं ठेवाचं कायले?" ते म्हणाले. "एक दिवस बी नाही ठेवाचं. मीच सांगत आलो ना?" आवाज चढलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं जुनी भाषा काढायला घेतली. शंभराहून जास्त ठिकाणं होती. साडू तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि एकेक ठिकाण तिला स्वतः सांगत गेले, कारण कोणतं कशासाठी लिहिलं होतं हे तिच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. दोन दिवस लागले. आता आमचा प्रोग्राम एकच भाषा बोलतो, लहान झालाय, जलद चालतो. सगळे ग्राहक खूश आहेत. एक निर्णय म्हणून बघितलं तर तो तीन वर्षांपूर्वीच घ्यायला हवा होता, यात वाद नाही.

पुढच्या महिन्यात पहिला मंगळवार आला आणि साडू ऑफिसात होते. त्याच्या पुढच्या महिन्यातही होते. त्या बुधवारी चाचांचा मला फोन आला. आधी माझी, घरच्यांची, सगळ्यांची खुशाली विचारली. मग म्हणाले, "साहेब, भाऊ येऊन नाही राहिले?"

मी म्हटलं, "चाचा, त्या मशीनचा सपोर्ट आम्ही बंद केला ना."

"हव, मशीनचा केला. ठीकच केलं. भाऊचं येनं कोनं बंद केलं?"

विचारून कळवतो म्हणून मी फोन ठेवला. मी साडूंना आत बोलावलं आणि सांगितलं, चाचांनी बोलावलंय. त्यांनी लगेच खिशातली डायरी काढली, पेन उघडलं. "काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं. नुसतं बसायला बोलावलंय. चहाला."

त्यांनी पेन तसंच धरून ठेवलं. "चहाले," ते म्हणाले. मग पेनाचं टोपण लावलं, डायरी खिशात ठेवली. "मले नुसतं बसता येत नाही ना, साहेब." साठीच्या माणसानं आपल्याला पोहता येत नाही असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. त्यात तक्रार नव्हती, रुसवा तर नव्हताच. मी त्यांना काहीतरी थाप मारू शकलो असतो. अकोल्याला अमुक एक बघून या, असं सांगायला साहेबाला काय लागतं? त्या क्षणी मला ते सुचलं नाही, आणि ते बाहेर गेल्यावर सुचून उपयोग नव्हता, कारण नंतर सांगितलेली थाप त्यांना कळली असती.

चाचांना मी फोन करून खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा. मंग मीच काई तरी बिघडवून पाहातो."

त्याला आता चार महिने झाले. मी अधूनमधून आरिफला फोन करतो. तो म्हणतो, अब्बा रोज नव्या मशीनपाशी जाऊन उभे राहतात, हात लावतात आणि परत येतात. चालत्या मशीनला मुद्दाम बिघडवायला त्यांचं मन धजत नाही, आणि मशीन चांगल्या बनावटीचं असल्यामुळे आपणहून काही बिघडत नाही. इकडे साडू पहिल्या मंगळवारी सकाळी यादी वाचतात, पेन्सिल टेबलावर ठेवतात, आणि मग दिवसभर त्यांच्या हाताला काम नसतं. त्या दिवशी मला त्यांच्या टेबलाकडे बघवत नाही.